राखण आणि उपाशी मेंदू

राखणीच्या दिवशी सकाळी सात वाजता काशीराम नागवेकर आपल्याच अंगणात उलटा चालत होता. तोंड घराकडे, पाठ आंब्याच्या बागेकडे. उलटं चाललं की मेंदूचा झोपलेला भाग जागा होतो, असं भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी त्याला सांगितलं होतं. एसटीतून निवृत्त झाल्यापासून गेल्या सात महिन्यांत काशीरामने मेंदूच्या झोपलेल्या भागाची जेवढी काळजी घेतली, तेवढी जाग्या भागाची अठ्ठावन्न वर्षांत घेतली नव्हती. दात तो डाव्या हाताने घासत होता. घड्याळ उजव्या मनगटावर गेलं होतं. जेवायच्या टेबलावर कानडी मुळाक्षरांचं पुस्तक उघडं पडलेलं असे, आणि रोजची पाच अक्षरं गिरवल्याशिवाय तो भाताला हात लावत नसे.

"अहो, मागं गडगा हाय," पडवीत नारळ खवत बसलेली राजश्री म्हणाली.

"म्हायत हाय. माझ्या जन्माच्या आधीपासून तो तिथंच हाय."

एवढं बोलून तो गडग्यावर आदळला. चिऱ्यांच्या गडग्याला काही झालं नाही. काशीराम कंबर चोळत सरळ चालीने पडवीत आला आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने खुर्चीत बसला.

"आता खयचा भाग जागा झाला?" राजश्रीने विचारलं.

"कंबरेचा."

ती हसली, पण खवणीवरचा तिचा हात थांबला नाही. आजच्या दिवसाची तिला गेलं वर्षभर धास्ती होती. दर वर्षी मोहोर यायच्या आधी बागेच्या खालच्या टोकाला, जुन्या फणसाखाली, नागवेकर राखणदाराला नारळ आणि कोंबडा देतात. त्या वेळी घरातला थोरला पुरुष गाऱ्हाणं घालतो. गावच्या भैरीपासून विहिरीवरच्या आसरांपर्यंत एकवीस जणांना नावाने हाका मारायच्या, क्रम चुकवायचा नाही, मग चुकलंमाकलं पदरात घ्यायला सांगायचं आणि घरासाठी काय हवं ते मागायचं. बाकीच्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हातात कागद नाही आणि बाजूने आठवण करून देणंही नाही. साखळी तुटली तर पुढच्या वर्षापासून मान धाकट्या भावाकडे जातो, अशी या घरची रीत.

गेल्या वर्षी नवलाईनंतर काशीराम थांबला होता. पावणाईचं नाव त्याला आलंच नाही. ती देवी गाळून तो पुढे गेला. तो पुढे गेल्यामुळे साखळी तुटली असं कुणी धरलं नाही, पण नंतर वर्षभर फोनवर सगळे त्याबद्दलच बोलत राहिले. कारण काशीरामचे वडील, भिकाजी, यांचंही असंच गाऱ्हाण्यात नाव गळण्यापासून सुरू झालं होतं. पुढची सहा वर्षं त्यांच्यातलं एकेक कमी होत गेलं, आणि शेवटी चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा काशीरामला ते 'मास्तर' म्हणत होते.

परवा जेवताना काशीरामने राजश्रीला सांगून टाकलं होतं, "औंदा तुटलं तर मी समजेन, मी बाबांच्याच वाटेला लागलो."  त्यावर तिने त्याला अजून एक भाकरी वाढली होती आणि मधुमेहाच्या माणसाला दुसरी भाकरी वाढल्याबद्दल स्वतःलाच रागावली होती.

अनिल बाहेर आला तो हातात कागद, पेन आणि अक्रोडाची पिशवी घेऊनच. काशीरामचा हा धाकटा भाऊ काल डोंबिवलीहून आला होता आणि येताना चिपळूणहून मधल्या बहिणीला, तुळसाला, गाडीत घालून घेऊन आला होता. अनिलचं वय बावन्न, रक्तदाब एकशे साठच्या वर. त्यावरच्या गोळ्या तो घेत नसे, कारण गोळीची सवय लागते असं त्याचं मत होतं. त्याऐवजी तो रोज सकाळी पाच अक्रोड खाई, कारण अक्रोडाचा आकार मेंदूसारखा असतो. शिवाय त्याने मोबाईलवर तीन रविवारांचा स्मरणशक्तीचा वर्ग केला होता.

"दादा, वायच पाच मिनटं. अगदी सोपी टेस्ट हाय," अनिल म्हणाला. "मी पाच शब्द सांगतो. नंतर मी विचारेन. चष्मा, होडी, चिमणी, कुलूप, सुपारी."

"परीक्षा कसली घेतोस रे? मी काय नोकरीला लागतोय?"

"सगळ्यांनीच द्यायची. तायनं पण."

तुळसा शेंगदाण्याचा लाडू खात दारात उभी होती. तिला साखर आणि थायरॉइड दोन्ही होतं, आणि लाडू गुळाचा असल्यामुळे तो मोजायचा नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. डाव्या कानाने तिला फारसं ऐकू येत नसे. कानातलं यंत्र गेल्या दिवाळीपासून तिच्या पर्समध्ये होतं, नव्या डबीत. त्याने म्हातारपण दिसतं, असं तिचं म्हणणं.

"आज तारीख काय? वार काय?" अनिलने सुरुवात केली.

काशीरामने दोन्ही बरोबर सांगितलं आणि आज वार बुधवार असल्यामुळे बुरोंडीची सकाळची गाडी उशिरा सुटेल, कारण तिच्या ड्रायव्हरची बुधवारी पाळी बदलते, हेही सांगितलं. तेहतीस वर्षं त्याने रत्नागिरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत काढली होती.

"घड्याळ काढ. त्यात अकरा दहा दाखव."

काशीरामने डाव्या हाताने घड्याळ काढलं. ते पपईसारखं झालं, पण काटे जागच्या जागी होते. "अकरा दहा. लांजा."

"शंभरातून सात वजा कर. परत सात. परत सात."

इथेही तो दोनपर्यंत अडखळला नाही. सोबत म्हणून अनिलही मनात वजाबाकी करत होता आणि पासष्टाच्या पुढे त्याला कुणाचं बरोबर ते कळेना, पण त्याने तसं दाखवलं नाही.

"आता ते पाच शब्द."

"चष्मा. होडी. चिमणी. सुपारी." काशीराम थांबला. त्याने खवणीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. "आणि... थांब, सांगू नको."

कुणीच सांगत नव्हतं. मिनिट गेलं. अनिलने मान खाली घालून कागदावर काहीतरी टिपलं आणि ते टिपणंच काशीरामला जास्त लागलं. तो उठला, "आंघोळीचं पाणी तापलं असेल," म्हणाला आणि आत गेला.

"चारच सांगितले ना दादानं?" तुळसाने विचारलं. "मला तर चिमणी तेवढी आठवते."

"ताय, तू लाडू खात होतीस."

"लाडू तोंडात होता. डोक्यात नव्हता."

मागच्या दारी चुलीवर वड्यांच्या तेलाची कढई चढली तेव्हा अनिलने दोघींना गाठलं. त्याचा बेत साधा होता. आजचं गाऱ्हाणं त्याने स्वतः घालायचं. दादाची शोभा व्हायला नको. त्याच्या पाठीमागे गेलं वर्षभर सगळे बोलले, आता त्याच्या तोंडावर काही व्हायला नको.

"माझा काय मानाचा हव्यास नाय, वयनी," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "बाबांना मी शेवटची दोन वर्षं फक्त गणपतीत बघितलं. तुम्ही रोज बघितलंत. दादाचं तसं व्हायला लागलं तर... अन् मग माझ्यापर्यंत यायला काय उशीर लागणार हाय? रक्त तेच. मी रात्री कुलूप लावलं का ते तीनदा उठून बघतो. बायकोला सांगत नाय."

तुळसाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घाल तू गाऱ्हाणं. दादाला मी सांगते. पडतं घेईल तो माझ्यासमोर."

राजश्रीने वडा तेलात सोडला. नवऱ्याची बाजू घ्यायची असं तिने सकाळी ठरवलं होतं. पण याच महिन्यात त्याच्याकडून दोनदा गॅस चालू राहिला होता. एकदा तो स्टँडवर गेला आणि कशासाठी गेलो ते न आठवल्यामुळे तीन तास जुन्या खिडकीपाशी बसून आला. आता तो सर्वांसमोर फणसाखाली गप्प उभा राहिला, तर ती कुठे बघणार होती?

"घाला तुम्हीच, भावोजी," ती म्हणाली. बोलल्याबरोबर तिला वाटलं, आपण त्याच्या पाठीत काहीतरी खुपसलं. "एकवीस नावं येतात ना पण तुम्हाला?"

"सगळी मोबाईलवर हायत. टाइप करून आणलीत."

तुळसाचा हात पाठीवरून निघाला. "मोबाईलवर बघून देवाला हाका मारणार तू?"

"अगो, कुणाला कळणार हाय?"

"राखणदाराला कळेल. मधीच कुणाचा फोन आला म्हंजे? नाय रे बाबा. मग दादाच बरा. तो विसरला तरी मनापासून विसरेल."

अशा रीतीने अनिलच्या बाजूचं बहुमत वड्याची एक बाजू तळून होईपर्यंत टिकलं. राजश्रीला बरं वाटलं की वाईट, हे तिचं तिलाच कळलं नाही.

साडेदहाला सगळे बागेत उतरले. पुढे बाबल्या, बगलेत कोंबडा. हा बाबल्या साठीतला, बागेची शिपणं आणि साफसफाई त्याच्याकडे, आणि राखणीचा कोंबडाही वर्षानुवर्षं तोच धरायचा. मागून काशीराम, धूतवस्त्र नेसून. त्याच्या मागे बहीण, भाऊ, बायको, आणि शेवटी मुलगी सानवी. सानवी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती आणि रात्रपाळी करून थेट इथे आल्यामुळे तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. तिची दवाखान्याची पिशवी खांद्यावर तशीच होती.

काशीराम मनातल्या मनात नावं घोळवत होता. नवलाय, पावणाय. नवलाय, पावणाय. आज त्याने आपल्याकडून काहीच कमी ठेवलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या मंडळींनी शेवटचा आणि सगळ्यांत मोठा उपाय सांगितला होता तो उपवासाचा. सोळा तास पोट रिकामं ठेवलं की मेंदू लख्ख होतो. काल संध्याकाळी सहाला तो थोडा भात जेवला, ते शेवटचं. सकाळी राजश्रीने दिलेले दोन घावणे त्याने कागदात गुंडाळून माडाच्या आळ्यात पुरले. मधुमेहाची गोळी मात्र त्याने नेमाने घेतली, कारण गोळ्यांच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. उतरताना पाय जरा हलके लागत होते आणि मानेला घाम येत होता. उपाय लागू पडतोय, असं त्याने धरलं.

फणसाखाली पान मांडलं. नारळ ठेवला. बाबल्या कोंबडा घेऊन बाजूला उभा राहिला. सगळ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," काशीरामने सुरुवात केली. "वर्साप्रमाणं आज ही लेकरं तुझ्या पायाशी राखण घेऊन उभी हायत. ती गोड मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गावच्या भैरी, जुगाय, वाघजाय, नवलाय..."

आणि तिथे सगळं थांबलं. पावणाईच नाही, तिच्या पुढचं, मागचं, सगळंच कुणीतरी पुसून घेतल्यासारखं झालं. फणस त्याला दोन दिसत होते. हात जोडलेले राहीनात, ते थरथरत होते. समोर कुणीतरी लाल रंगाचं काहीतरी बगलेत धरून उभं होतं आणि ते काय आहे ते त्याला ओळखता येईना. हेच ते, त्याला वाटलं. बाबांना असंच झालं असणार. त्याला रडू आलं, ते त्याने अडवलं नाही.

"दादा, बस," अनिल पुढे झाला.  "असू दे. मी सांगतो पुढं. तू बस." त्याने मोबाईल काढला.

"एवढ्या लवकर कसं झालं गो हे," तुळसा डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "सकाळी चार शब्द येत होते."

सानवी मात्र खडबडून जागी झाली होती. तिने बापाच्या कपाळाला हात लावला, पिशवीतून यंत्र काढलं आणि कुणाला काही न विचारता त्याचं बोट टोचलं.

"साखर एकावन्नवर आलीय," ती म्हणाली. "मम्मी, पप्पांनी सकाळी काय खाल्लं?"

"दोन घावणे. मी दिले ना."

"पप्पा?"

काशीरामने खूप वेळ विचार केला. "माडाला," तो म्हणाला.

नैवेद्यासाठी आणलेली साखर सानवीने तांब्यातल्या पाण्यात ढवळली आणि त्याला पाजली. नैवेद्य दाखवायच्या आधी तो उष्टा झाला, पण त्यावर कुणी हरकत घेतली नाही. सगळे चिऱ्यावर, मुळांवर, जागा मिळेल तिथे बसले. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. त्या पंधरा मिनिटांत सानवी जे बोलली ते तिने दवाखान्यात इतरांच्या बापांना शंभर वेळा ऐकवलं असेल. स्वतःच्या बापाला ऐकवताना तिचा आवाज चढला.

"या गोळीवर उपाशी राहायचं नसतं. मेंदूला खायला साखर लागते, तुम्ही त्यालाच उपाशी ठेवलात. उलटं चालून, डाव्या हातानं दात घासून काय मिळवलंत? हे सारखं खाली जायला लागलं तर उलट मेंदूलाच मार बसतो."

"कानडी चांगलं हाय पण," काशीराम क्षीण आवाजात म्हणाला.

"कानडी चालू ठेवा. पण जेवून."

"बघ," अनिल म्हणाला, "मी उपास कधीच नाय करत. पाच अक्रोड—"

"काका, हात द्या." त्याच पिशवीतून रक्तदाबाचा पट्टा निघाला. आकडा पाहून सानवीने तो मोठ्याने सांगितला नाही, राजश्रीला नुसता दाखवला, आणि अनिल त्याने जास्त घाबरला. "अक्रोड खावा हवे तेवढे. पण बीपी असंच राहिलं तर डोक्यातल्या बारीक शिरा आधी खराब होतात. विसरायला तिथूनच लागतं. आणि आत्या, तुम्ही यंत्र घालत नाय. ऐकू येत नाय म्हणून माणूस बोलणं टाळतं, एकटं पडतं, त्याचाही परिणाम होतो. डॉक्टर दर आठवड्याला कुणालातरी हेच सांगतात."

"मला ऐकू येतं," तुळसा म्हणाली. "उजव्यानं."

"कोंबड्याचं काय करू?" बाबल्याने विचारलं. त्याचा हात भरून आला होता.

दुसऱ्यांदा बोट टोचलं तेव्हा आकडा सत्त्याण्णव आला. राजश्रीने वरून वडे आणले आणि काशीरामने दोन खाल्ले, तिच्या डोळ्यांसमोर, तिने मोजून. फणस पुन्हा एक झाला होता. तो उभा राहिला.

"दादा, राहू दे," अनिल म्हणाला. "तुटलं त्यात तुझा दोष नाय. पण तुटलं. रीत हाय."

"रीत काय हाय ते म्हायत हाय मला. बाबल्या, कोंबडा देऊन झाला तरच तुटलं असं धरायचं. दिलास काय?"

"खय दिला? कवाधरनं धरून उभा हाय," बाबल्या म्हणाला.

ही रीत खरी होती की काशीरामने तिथल्या तिथे केली, हे राजश्रीला आजवर कळलेलं नाही. त्याने हात जोडले. आता ते थरथरत नव्हते. जुगाय, वाघजाय, नवलाय म्हणताना तिने श्वास धरला. पावणाय तिच्या जागेवर आली आणि तिच्यामागून म्हसोबा, वेशीवरचा देवचार, गडग्याकडचा राखणदार, मूळपुरुष रामजी, विहिरीवरच्या आसरा, सगळे ओळीने आले. स्टँडच्या भोंग्यावर गाड्या पुकारायची सवय त्याच्या आवाजात अजून होती. एकविसावं नाव झालं तेव्हा तुळसाने नकळत बोटं मिटली, तीही मोजत होती.

इथे गाऱ्हाणं आवरतं घ्यायची पद्धत होती. काशीरामने आवरलं नाही.

"म्हाराजा, हा माझा धाकटा भाव अनिल. ह्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात पडलेल्या हायत. त्या आजपासून रोज रात्री ह्याच्या पोटात जाऊ दे म्हाराजा."

अनिलने मान वर केली. गाऱ्हाण्यात 'नाय' म्हणायची सोय नसते. "व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

"ही माझी भैण तुळसा. हिच्या पर्शीतलं यंत्र हिच्या कानात बसू दे. आणि गुळात साखर असते, हे हिच्या ध्यानात येऊ दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. तुळसा पुटपुटली, पण म्हणाली.

"ही राजश्री. सगळ्यांच्या गोळ्या सांभाळते आणि स्वतःची दुपारची चुकवते, ती चुकू नये. आणि ह्या काशीरामानं माडाला घावणे घातले, ती चूक पदरात घे म्हाराजा. हा आजपासून वेळेवर जेवेल, सरळ चालेल."

राजश्रीने पदर तोंडावर धरला. ती हसत होती. "व्हय म्हाराजा."

मग काशीराम थोडा वेळ बोललाच नाही. अनिलचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. पण काशीराम काही विसरला नव्हता, तो शब्द शोधत होता, कारण हे गाऱ्हाण्यात आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

"म्हाराजा, आमच्या बापाला आम्ही सहा वर्षं परीक्षेला बसवला. येईल तो म्हणे, मला ओळखा बघू, मी कोण? मी पण म्हणे. रोज म्हणे. तो मास्तर म्हणाला की मी रागानं उठून जाई. हे सगळं करून पण उद्या ह्या काशीरामाची सय गेलीच, तर ह्याला कुणी काय विचारू नये. येईल त्यानं आपलं नाव आपण सांगावं. दहादा सांगायला लागलं तरी दहादा सांगावं."

 फणसाखाली फक्त कोंबड्याचा आवाज होता. मग राजश्री म्हणाली, "व्हय म्हाराजा," इतक्या मोठ्याने की बाबल्याने वळून पाहिलं. तिच्यामागून सानवी म्हणाली, मग तुळसा.  अनिलने मात्र वाकून नारळ उचलला आणि तो भावाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "मी अनिल."

"म्हायत हाय मेल्या," काशीराम म्हणाला. "नारळ दे."